वाचकांचे प्रश्न : धागा तुटला तर माग थांबवायचा

या महिन्यात पत्रं बरीच आलीत आणि बहुतेक सगळी एकाच विषयावर, दुःख. ईस्टर जवळ आला की असं होतंच म्हणा. त्यातली तीन घेतलीत. नावं कुणाचीच देत नाही, गावंही अर्धवटच सांगतो, आपल्या भागात तालुका आणि वय सांगितलं की लोक घर ओळखतात.

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय 48. माझा मोठा मुलगा उद्यमबागला फौंड्रीत कामाला होता. गेल्या पावसाळ्यात सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना गाडी घसरली आणि गेला. 23 वर्षांचा होता. दहा महिने झाले. येणारे म्हणतात देवाला चांगली फुलं लवकर हवी असतात. शेजारीण म्हणते मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या घरात काही पाप लपलंय का बघा आणि उपास धरा. मी रविवारी उपासनेला जाते पण मागच्या बाकावर बसते, गाण्याला तोंडच उघडत नाही. देवाचा राग येतो. हा राग पाप आहे का? आणि या सगळ्याला काही अर्थ आहे का, का आपणच मनाची समजूत काढायची?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि चार दिवस तसंच टेबलावर ठेवलं. लगेच उत्तर लिहिलं असतं तर तुमच्याकडं येणाऱ्या लोकांसारखंच काहीतरी लिहून बसलो असतो.

आधी फुलांचं बघू. हे वाक्य पवित्र शास्त्रात कुठंही नाही, अगदी कुठंही नाही. कुणीतरी कधीतरी सांत्वनाला म्हणून काढलं आणि ते घराघरात फिरतंय. 23 वर्षांचं पोर आईपासून तोडून नेणारा माळी असेल तर त्याच्या बागेत कोण जाईल ओ? तुम्हाला त्या वाक्याचा राग आला असेल तर तो बरोबर जागी आलाय.

पापाचं तर त्याहून स्पष्ट आहे. योहानाच्या शुभवर्तमानात 9 व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो आणि शिष्य येशूला हेच विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं. येशू म्हणतो याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेल्याची गोष्ट येते, तिथंही तो उलटं विचारतो, ती 18 माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं काय तुम्हाला? आपण 2019 चा ऑगस्ट बघितलाय. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, किती जणांच्या भिंती बसल्या, ती काय सगळी पाप्यांची घरं होती? नदीकाठची होती, मातीची होती, एवढंच. तुमच्या मुलाची गाडी ओल्या रस्त्यावर घसरली. त्या बाईंना माझ्या नावानं सांगा की हा प्रश्न येशूनं कधीच निकालात काढलाय, आणि उपास धरायचा तर त्यांनी जिभेचा धरावा.

आता एक कबुली देतो. हे सगळं मी आज मोठ्या तोंडानं लिहितोय पण ही चूक मी स्वतः केलीय. मी काही पाळक नव्हे, शाळामास्तर, 31 वर्षं पोरांना गणित शिकवलं, पण मंडळीत कुणाकडं दुःख झालं की भेटायला जायच्या टीममध्ये मी असायचो. पस्तिशीत होतो तेव्हाची गोष्ट. वडगावातल्या एका विणकराची धाकटी मुलगी तापानं गेली होती, नऊ वर्षांची. आम्ही गेलो आणि मी त्याला ते नेहमीचं सांगितलं, कापडाची उलटी बाजू बघितली तर नुसता गुंता दिसतो, सुलटी बाजू देवालाच दिसते, तिथं डिझाईन असतं वगैरे. एका शिबिरात ऐकलं होतं आणि विणकराच्या घरी विणकामाचंच उदाहरण दिलं म्हणून मी मनात खूशही होतो. तो काही बोलला नाही. चहा झाल्यावर म्हणाला, सर, जरा आत या.

आत माग होता. त्यानं तो चालू केला, आवाज तुम्हाला माहीत असेल, वडगाव-शहापूरच्या गल्लीतनं गेलं की छातीत वाजतो तो. दोनतीन मिनिटांत उभ्यातला एक धागा तुटला, का त्यानंच तोडला मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यानं माग थांबवला. तुटलेली दोन टोकं हुडकली, बोटाला थुंकी लावून पीळ दिला, गाठ मारली, मग परत चालू. आणि म्हणाला, "सर, हे डिझाईन नव्हे ओ. धागा तुटलाय. तुटल्याला डिझाईन म्हणून तसंच रेटलं तर सावकार कापड तोंडावर फेकील." मग माझा हात धरून कापडावरनं फिरवला. गाठ बोटाला लागत होती. डोळ्याला दिसत नव्हती पण लागत होती.

त्यानंतर मी ते उदाहरण कुठंही दिलेलं नाही. आणि देवाबद्दल माझं जे काही समजणं आहे त्यातलं बरंचसं त्या मागाच्या खोलीत झालंय असं म्हटलं तरी चालेल.

म्हणजे बघा, तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. हे का झालं, हा एक. याला अर्थ आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि खरं सांगायचं तर शास्त्रानंही दिलेलं नाही. ईयोबाचं पुस्तक 42 अध्यायांचं. पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली, त्यानं शेवटपर्यंत का, का, का विचारलं आणि देव आला तरी त्यानं कारण सांगितलंच नाही. पण त्या पुस्तकात एक गंमत आहे जी प्रवचनात फार कुणी सांगत नाही. ईयोबाचे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथंवर सगळं उत्तम. तोंड उघडलं तिथनं बिघडलं. तुझंच काहीतरी चुकलं असणार, पश्चात्ताप कर, देव न्यायी आहे, असं पानंच्या पानं. आणि शेवटी देव कुणावर चिडतो? या मित्रांवर! माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणतो. आता ईयोब काय बोलला होता ते काढून बघा, जन्मल्या दिवसाला शिव्या घातल्यात त्यानं, देवाला कोर्टात खेचायची भाषा केलीय. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला.

तेव्हा राग पाप आहे का, याचं उत्तर तुम्हाला मिळालं. ज्याच्याशी बोलणंच सोडलंय त्याच्यावर कुणी रागवत नाही ताई. तुम्ही अजून रविवारी जाताय, मागं का होईना बसताय, म्हणजे बोलणं चालूच आहे. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र वाचा. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी आशेवर येऊन थांबतात, हे अंधारातच संपतं. ते कुणी काढून टाकलं नाही, इतक्या पिढ्यांनी जपून ठेवलं, कारण तशा रात्री प्रत्येकाच्या घरी येतात. गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका. आजूबाजूचे म्हणतायत ते पुरे, मंडळी कशासाठी असते मग.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगता येईल. ख्रिस्ती विश्वास दुःखाचं कारण सांगत नाही पण देव त्या वेळी कुठं होता ते सांगतो. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, आणि गंमत म्हणजे पाचदहा मिनिटांत तो त्याला उठवणारच होता, तरी आधी रडला. वधस्तंभावर तो ओरडला की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, म्हणजे तुमचा "का" त्याच्या तोंडातनं निघालाय आणि त्यालाही वरनं उत्तर आलेलं नाही, निदान त्या दुपारी तरी. आणि त्या बाजूला आणखी एक आई उभी होती, तिला विसरू नका. कॅथलिक लोकांच्या घरात मरीयेच्या मांडीवर मेलेल्या येशूचं चित्र असतं, आम्ही मेथडिस्ट मंडळी त्यात पडत नाही, पण तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं.

आणि उठल्यानंतरचं एक. योहानाच्या 20 व्या अध्यायात पुनरुत्थान झालेला येशू थोमा या शिष्याला हातावरचे वण दाखवतो. नवीन देह मिळाला तर वण पुसून का नाही टाकले? मला याचं उत्तर त्या विणकरानंच दिलेलं आहे असं वाटतं. गाठ मारली, माग चालू झाला, कापड पुरं होणार, पण हात फिरवला की लागणार.

दुःखातनं पुढं काहीतरी चांगलं उभं राहतं हे मी नाकारत नाही, बघितलंय. पंडिता रमाबाईंचंच घ्या, जन्म आजच्या कर्नाटकातल्याच घाटातला, 1858 चा. दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण सगळे थोड्या महिन्यांच्या अंतरानं गेले, पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई तिथं जाऊन उपाशी मुलींना घेऊन आली आणि केडगावला त्यांना ठेवलं. भूक काय असते तिला माहीत होतं. पण हिशोब बघा, आईबाप गेल्यापासून मधे वीसेक वर्षं गेलीत. आणि त्यांनी कधी असं म्हटलं नाही की बरं झालं माझे आईबाप उपाशी मेले, त्यामुळं मला हे काम सापडलं. तुम्हाला दहा महिने झालेत. दहाव्या महिन्यात कुणी तुमच्याकडं अर्थ मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

पावसाळा परत येतोय, वर्षश्राद्धासारखं आपल्यात काही नसतं त्यामुळं तो दिवस कसा काढायचा कळत नाही, मला माहीत आहे. पत्नी गेली त्याच्या पहिल्या वर्षी मी त्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला गेलो आणि परत आलो, कारण आजारपणात दीड वर्ष आम्ही तीच गाडी धरायचो. घटप्रभेला ती इडली घ्यायची. मी पण घेतली, खाल्ली नाही. तुम्ही पण त्या दिवसासाठी काहीतरी ठरवून ठेवा, त्याच्या शिफ्टमधल्या एखाद्या मित्राला जेवायला बोलवा, ती पोरं पण आतनं गप्प झालेली असतात. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आपणही जावं असं मनात येत असेल तर डॉक्टरकडं जा, सरकारची टेलिमानस म्हणून लाईन आहे, 14416, फुकट आहे. डॉक्टरकडं गेल्यानं विश्वास कमी होत नाही.

प्रश्न : नवरा पिऊन मारतो. लग्नाला 9 वर्षं झाली, दोन मुलं आहेत. चर्चमधल्या वयस्कर बायका म्हणतात, प्रभूनं क्रूस सोसला तसा हा तुझा क्रूस समज, सोसलंस तर एक दिवस तो सुधारेल. मी काय करू? (बेळगाव शहर)

उत्तर : नाही. हा तुमचा क्रूस नाही.

आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागं या असं येशू म्हणाला ते त्याच्यामागं जाताना जे सोसावं लागेल त्याबद्दल. दारुड्याची काठी त्यात येत नाही. आणि येशूनंही प्रत्येक वेळी मार खाल्लेला नाही, नासरेथात लोक कड्यावरनं ढकलायला निघाले तेव्हा तो गर्दीतनं निघून गेला, मंदिरात दगड उचलले तेव्हा लपून बाहेर पडला. प्रेषित पौलाला दमास्कसात मारायला टपले होते तर त्याच्या लोकांनी त्याला रात्री टोपलीत बसवून भिंतीवरनं खाली सोडलं. पौल पळाला. टोपलीतनं. त्याला कुणी म्हटलं नाही की तुझा विश्वास कमी.

तुम्हाला पण टोपली हवीय. 181 ही महिलांची हेल्पलाईन आहे, मारहाण चालू असेल तर 112. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतो, महिला व बालकल्याण खात्याच्या ऑफिसात चौकशी करा. राहतं घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा तुम्हाला या कायद्यानं हक्क आहे, बाहेर काढतो म्हणाला म्हणून घाबरू नका. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा आणि येत नाही म्हणून आपल्याकडच्या किती बायका परत फिरतात, तसं करू नका, कन्नड येणाऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. आधार, पासबुक, मुलांचे दाखले आणि दवाखान्याचे कागद एका पिशवीत घालून माहेरी किंवा मैत्रिणीकडं आजच ठेवा. माफ करायचं का, तो सुधारेल का, हे सगळं सुरक्षित जागी बसून मग बघता येतं.

आणि त्या वयस्कर बायकांना एक विचारायचंय, तुमच्यातल्या कितीजणींनी असंच सोसलंय आणि आता दुसरीनंही सोसावं असं वाटतंय?

प्रश्न : मी निपाणीकडचा, माळकरी घरातला. तुमचं मासिक मित्राच्या घरी वाचतो. राग मानू नका, पण तुमच्याकडं क्रूसावर तळमळणारा देव का पुजतात? आमचा विठोबा कमरेवर हात ठेवून शांत उभा, बघितलं की बरं वाटतं. तुम्ही लोक दुःखाला एवढं का कवटाळता?

उत्तर : राग कसला, चांगला प्रश्न आहे आणि आमच्यातल्याच लोकांनी विचारायला हवा तो.

पहिल्यांदा एक जुनी गोष्ट. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसावरचा येशू जवळजवळ काढलाच नाही, पहिली तीनचारशे वर्षं असं चित्र फार क्वचित सापडतं. रोमच्या भुयारी कबरांत काय सापडतं, तर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, अगदी आपल्याकडच्या धनगरासारखा. कारण क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची रोमन शिक्षा, भर रस्त्यात, नागडं करून. ज्यांनी ती डोळ्यांनी बघितली होती त्यांना ती भिंतीवर लावावीशी वाटली नाही. म्हणजे तुम्हाला जे खटकतंय ते त्यांनाही खटकत होतं.

दुःख कवटाळतो असं म्हणाल तर काही जण कवटाळतात, वरचं पत्र वाचलंत ना. पण मूळ शिकवण तशी नाही. धरला जायच्या रात्री येशूनं बागेत प्रार्थना केली ती हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी, आणि एकदा नव्हे तीनदा. त्याला मरण नको होतं. आणि तोवर तो काय करत फिरला, आजारी बरे करत. तेच धरून मिशनवाल्यांनी दवाखाने काढले, मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 ला दवाखाना काढला, तुमच्या निपाणीच्या किती पिढ्या तिथं जाऊन आल्या असतील. दुःख पवित्र असतं तर ऑपरेशनला गेलो असतो काय आम्ही?

विठोबाबद्दल मी काय बोलणार, माझ्या आज्जीच्या माहेरी वारी होती आणि ती बाप्तिस्मा झाल्यावरही कार्तिकात अभंग गुणगुणायची. पण तुमचे तुकोबा आठवा. दुष्काळात बायको गेली, पोरगा गेला, आणि त्या माणसानं त्या शांत उभ्या असलेल्या देवाशी केवढी भांडणं काढली. नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला पण त्यांची भजनं अभंगाच्याच वाटेवरची आहेत, आम्ही अजून टाळ घेऊन म्हणतो. देवाशी भांडायची सवय तुम्हा-आम्हाला एकाच ठिकाणाहून लागलीय.

फरक आहे तो मी लपवत नाही. कर्माच्या विचारात निदान हिशोब लागतो, हे त्याचं फळ. आमच्याकडं हिशोब लागत नाही, उत्तर कमी आहे, वर खानापूरच्या ताईंना मी तेच लिहिलंय. आम्हाला एवढंच सांगितलंय की देव लांबनं बघत बसला नाही, आत उतरला आणि त्यालाही लागलं. हे कुणाला पुरतं, कुणाला नाही. माझी पत्नी शेवटच्या महिन्यात मॉर्फिनवर होती, मी समोर भिंतीवर साधा लाकडी क्रूस लावला होता, तर ती म्हणाली हा काढ आणि खिडकी उघड. मी काढला. दोन दिवसांनी म्हणाली, परत लाव, खिडकी उघडीच ठेव. का काढला आणि का लावला, तिनंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुड फ्रायडेला या की एकदा. (व्हॉट्सॅपवर हॅपी गुड फ्रायडे म्हणून पाठवू नका तेवढं, दरवर्षी माझ्या जुन्या स्टाफचे चारपाच येतात.) दुपारी बारा ते तीन उपासना असते, क्रूसावरचे सात उद्गार एकेक करून घेतात, प्रत्येकावर कुणीतरी बोलतं, काही बरे बोलतात काही लांबवतात. प्रसादबिसाद काही नसतो, शेवटी सगळे न बोलता उठून जातात. तुम्ही मागच्या बाकावर बसा. तिथं पंखा चालतो, आणि तिथं बसणारे लोक कुणाला काही विचारत नाहीत.